सोबत कोण आहे?

जयपूर, ५ फेब्रुवारी

दादा,

तुझा पत्ता विजयनं दिला. त्याच्यावर चिडू नकोस. मी तीनदा फोन करून त्याला हैराण केलं, तेव्हा कुठे दिला. तुझा जुना नंबर बंद लागतो आणि नवा कुणाला द्यायचा नाही असं तू त्याला बजावलंयस. तो त्यानं दिलाही नाही. म्हणाला, "पत्ता देऊ नको असं काही रणजित बोलला नव्हता." म्हणून हे पत्र.

काही विशेष नाही. काल संध्याकाळी वर्गावरून परत येताना ई-रिक्षात मागच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून बसले होते. विद्याधर नगरच्या अलीकडे एक गतिरोधक आहे, तो त्या ड्रायव्हरला दिसला नसावा. रिक्षा उडाली आणि माझं डोकं वरच्या लोखंडी दांड्यावर आपटलं, डाव्या कानाच्या जरा वर. रक्त नाही, धड टेंगूळही नाही. ड्रायव्हरनं मागे वळून विचारलं, "लगी तो नहीं, दीदी?" मी नाही म्हटलं. शेजारची बाई हसली, तिच्याबरोबर मीही हसले.

आज सकाळी बादलीत तांब्या बुडवायला वाकले आणि समोरची भिंत डावीकडे सरकली. सरकून परत जागेवर आली. मग बसमधून उतरताना तसंच. पोट रिकामं असेल म्हणून दोन केळी खाल्ली.

एवढंच विचारायचं होतं. कबड्डीच्या सरावात त्या पोराचा गुडघा तुझ्या डोक्याला लागला होता, त्यानंतर आठवडाभर तुला जे व्हायचं ते असंच होतं का? तू मला तेव्हा म्हणाला होतास, मैदानाची मधली रेघ पाण्यावर असल्यासारखी हलते. मला ते तेव्हा समजलं नव्हतं. हलते म्हणजे दिसते तशी, की तुझे पाय हलतात आणि रेघ हलल्यासारखी वाटते? आणि ते थांबलं कितव्या दिवशी? माझ्या ओळखीत हे झालेला तू एकटाच आहेस.

मी जयपूरला आले हे तुला ठाऊक आहे की नाही, कोण जाणे. वर्ष होत आलं. एका संस्थेत आहे. बायकांना लिहायला-वाचायला शिकवते. हिंदीतून. माझं हिंदी ऐकून त्या पदराआड हसतात, पण शिकतात. पगार फार नाही. काम मात्र मला हवं होतं तसंच मिळालं.

आप्पांविषयी या पत्रात काही लिहिणार नाही. घाबरू नकोस.

मिताली


जयपूर, ७ फेब्रुवारी

दादा,

पहिलं पत्र अजून तुझ्यापर्यंत पोचलंही नसेल. चाकणला किती दिवस लागतात मला माहीत नाही. तरी लिहिते आहे, कारण मोबाइलकडे पाहिलं की डोळ्यांमागे दुखतं. कागदाकडे पाहिलं तर कमी दुखतं.

कालची संध्याकाळ मी नेटवर वाचण्यात घालवली, आणि ते करायला नको होतं. एका ठिकाणी लिहिलंय दोन दिवसांत बरं होतं, दुसऱ्या ठिकाणी लिहिलंय डोक्याच्या आत हळूहळू रक्त साठतं आणि माणसाला पत्ताही लागत नाही. दोन्हीखाली डॉक्टरांची नावं आहेत. मी एकटीच होते. माझ्या खोलीतली कस्तुरी, नागपूरची, बँकेतली, महिन्यापूर्वी बदली होऊन गेली. तिची खाट रिकामी आहे. घरमालक वरच्या मजल्यावर राहतात, पण ते सगळे लग्नाला जोधपूरला गेलेत. मालवीय नगर म्हणजे चारी बाजूंनी गजबज, खाली कोचिंगच्या मुलांचा गोंगाट, आणि त्यातल्या एकालाही मी हाक मारू शकत नाही.

आरशासमोर उभी राहून मी स्वतःला प्रश्न विचारले. आज वार कोणता, आईचं माहेरचं आडनाव काय, सतराचा पाढा. सगळं बरोबर आलं. पण विचारणारीही मीच आणि तपासणारीही मीच, मग ते बरोबर आलं याचा अर्थ काय?

ऑफिसात सांगितलेलं नाही. सोळा तारखेला बायकांची परीक्षा आहे. एकवीस बायका बसणार आहेत. किती पास होतात यावर हा वर्ग पुढे चालवायचा की नाही हे ठरेल. आमचे परीक्षित सर चांगले आहेत, सांगितलं तर ताबडतोब म्हणतील, घरी जाऊन झोप. मग शेवटचे नऊ दिवस वर्ग घेणार कोण? म्हणून मी गप्प आहे. तू तेव्हा म्हणाला होतास, "मिते, तोंड उघडलं की यादीतून नाव गेलं." मी तुला किती बोलले होते त्यावर. अडाणी म्हणाले होते. आज मी स्वतः तोंड उघडत नाही.

वर्गात इंदुमती जी म्हणून एक आहेत. पन्नाशीच्या. ओढण्यांना गोटा, म्हणजे सोनेरी पट्टी, लावायचं काम घरी करतात. पेन्सिल सुईसारखी धरतात. त्यांचं माझ्याकडे बारीक लक्ष असतं. आज मी फळ्यावर एकच शब्द दोनदा लिहिला आणि फळ्याची कड धरून उभी राहिले. त्या म्हणाल्या, "मैडम जी, फळा गिरने वाला है क्या?" फळ्याला फळा म्हणायचं हे माझ्याकडूनच शिकल्यात, सगळा वर्ग तेच म्हणतो. बायका हसल्या. त्या मात्र हसल्या नाहीत.

आमच्या वर्गाचा एकच नियम आहे. पहिल्या दिवशी मी तो फळ्याच्या वरच्या बाजूला लिहिला आणि कधी पुसू दिला नाही. बिना पढ़े दस्तख़त नहीं. लिहिताना माझा हात अडला होता. का अडला, ते आज नको.

आप्पांविषयी लिहिणार नाही म्हटलं होतं. दोन ओळी लिहिते. हळदीचा हंगाम सुरू झालाय. या वयातही ते मार्केट यार्डात पोती उचलतात. घरी एकटेच असतात. रविवारी मी फोन करते तेव्हा शेवटी विचारतात, रणजितचं काही कळलं का. मी नाही म्हणते आणि मग दोघेही फोन ठेवतो.

मिताली


जयपूर, ९ फेब्रुवारी

दादा,

मला लिहायची बंदी आहे, म्हणून हे थोडं थोडं लिहिते आहे. इंदुमती जी कस्तुरीच्या खाटेवर बसून ओढणीला गोटा लावतायत. त्यांनी मान वर केली की मी कागद उशीखाली सारते.

काल वर्गात मला उलटी झाली. वही तपासत होते, अक्षरं एकमेकांवर चढली, आणि बाहेर जाईपर्यंतही धीर निघाला नाही. बायकांनी पाणी आणलं, जमीन पुसली, कुणीतरी कुजबुजलं की मैडम को कुछ है क्या, तेव्हा इंदुमती जींनी तिला अशा नजरेनं गप्प केलं की मला त्या अवस्थेतही हसू आलं. मग त्यांनी मला रिक्षात घातलं. ई-रिक्षात नाही, साध्या रिक्षात. ड्रायव्हरला म्हणाल्या, एक जरी खड्डा चुकला नाही तर पैसे मिळणार नाहीत.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं विचारलं. कधी लागलं, शुद्ध गेली होती का, दुखतं कुठे. मला डोळे मिटून उभं केलं, बोटाकडे पाहायला लावलं. उलटी झाली म्हणून डोक्याचा फोटोही काढला. तो ठीक आला. आत रक्त नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूला धक्का बसलाय, फोटोत दिसत नाही म्हणून तो खोटा नाही. आठ-दहा दिवस विश्रांती, मोबाइल नाही, वाचन नाही, आणि पुन्हा डोक्याला लागता कामा नये. दुसरा धक्का पहिल्यापेक्षा वाईट असतो. हे वाक्य मी तुला दोन वर्षांपूर्वी नेटवर वाचून दाखवलं होतं. डॉक्टरांच्या तोंडून ते ऐकताना मला आनंद व्हायला हवा होता.

मग त्यांनी विचारलं, सोबत कोण आहे? म्हणजे घरी. चोवीस तास कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, झोपेतून उठवून पाहायला हवं. नसेल तर इथेच राहा, वॉर्डात. मी म्हटलं, "भाई है घर पर."

हो, तू. मी तुला माझ्या खोलीत आणून ठेवलं. खोटं बोलताना मला जरासुद्धा अडखळायला झालं नाही.

नर्सनं एक कागद पुढे केला. पेशंटला नेणाऱ्यानं सही करायची होती. इंदुमती जी बरोबर होत्या म्हणून मी कागद त्यांच्याकडे सरकवला, बोटानं जागा दाखवली आणि म्हटलं, "बस यहाँ कर दीजिए."

त्यांनी पेन घेतलं नाही. कागद घेतला, खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि वाचायला लागल्या. तुला ते ऐकवता आलं असतं तर बरं झालं असतं. मैं. मैं रो, रोगी. रोगी को. एकेका अक्षरावर बोट ठेवून, तिथल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मागे रांग होती. एक माणूस म्हणाला, "अम्मा जी, अख़बार घर जाकर पढ़ लेना." त्या वळल्याही नाहीत. नर्सनंही सांगितलं की नेहमीचाच कागद आहे, सगळे करतात. त्यांनी तिलाही एक हात दाखवून थांबवलं. मी खुर्चीत बसले होते, डोकं धरून, आणि मला इतकी लाज वाटत होती. त्यांची नाही.

चौथ्या ओळीवर त्या थांबल्या. ती ओळ पुन्हा वाचली. मग मला म्हणाल्या, "मैडम जी, इसमें तो लिखा है कि चौबीस घंटे मैं साथ रहूँगी."

मी म्हटलं, ते असंच लिहितात.

"भाई कहाँ है आपका?"

मी सांगितलं, पुण्याजवळ.

"तो फिर मैं रहूँगी," म्हणाल्या. "लिखा है तो रहूँगी." आणि सही केली. चार अक्षरांना एक मिनिट लागलं. मग नवऱ्याला फोन केला. नंदकिशोर जींचा आवाज मला फोनमधून ऐकू येत होता, की जेवणाचं काय. त्या म्हणाल्या, पीठ डब्यात आहे, हात तुमच्याकडे आहेत.

रात्री त्यांनी मला तीनदा उठवलं. दर वेळी एकच परीक्षा. "मेरा नाम?" मी सांगायचे. "मेरे घर में कितनी बकरियाँ?" मी म्हणायचे, तुमच्याकडे बकरी नाहीच. "ठीक है, सो जाओ."

चोवीस तास दुपारी तीनला संपले. त्या अजून इथेच आहेत. म्हणाल्या, दोन ओढण्या राहिल्यात, तेवढ्या करून जाते. ओढण्या त्यांच्या घरीही झाल्या असत्या.

डोळे दुखायला लागले. बाकीचं नंतर. बाकीचं म्हणजे काय ते मला माहीत आहे, तुला नाही.

मिताली


जयपूर, ११ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलं. पहिल्या दोन्ही वेळी सुरुवात माझ्या डोक्यापासून केली होती. चक्कर कमी आहे, डाव्या कुशीवर वळलं की तेवढी येते. ऑफिसात सांगून टाकलं. परीक्षित सरांनी आठ दिवसांची रजा दिली आणि वर्गावर दुसऱ्या बाईंना पाठवलं. मला वाटलं होतं सगळं संपेल. काहीही संपलं नाही. मला रजा मिळाली आणि तुझं नाव खोडलं गेलं होतं.

आता ते सांगते.

तुला जो कागद निवड समितीनं दाखवला तो तुला पाठ असेल. "माझा मुलगा रणजित याच्या डोक्यास दुखापत झाली असून त्यास चक्कर येत आहे. डॉक्टरी दाखल्याशिवाय त्यास खेळू देऊ नये. काही बरेवाईट झाल्यास जबाबदारी समितीची राहील." खाली आप्पांची सही. ते शेवटचं वाक्य वाचून समिती घाबरली. रविवारी सकाळी यादीत तुझं नाव नव्हतं. जिल्ह्याकडून खेळला असतास तर राज्य स्पर्धा, राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र, आणि त्यावर पोलीस भरती. पुढच्या भरतीपर्यंत तुझं वय निघून गेलं.

तू त्या दिवशी मैदानावरून थेट यार्डात गेलास आणि सगळ्या हमालांसमोर आप्पांना बोललास. काय बोललास ते मला नंतर लोकांनी सांगितलं. आप्पा काही बोलले नाहीत, हेही सांगितलं. मग तू घरी आलास, बॅग भरायला लागलास आणि मला विचारलंस, "त्यांनी सांगितलं आणि तू लिहिलंस ना?"

मी मान हलवली.

दादा, त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांना तुझ्या चकरेचं ठाऊकही नव्हतं. तू ते फक्त मला सांगितलं होतंस. मी तुला विनवलं, डॉक्टरकडे चल म्हटलं, तू हसून टाकलंस. मला रात्री झोप लागेना. मी एवढं वाचलेलं, घरातली एकटी कॉलेजात जाणारी, आणि माझा भाऊ माझ्या डोळ्यांसमोर मरणार असं मला खरंच वाटत होतं. मग मला जे येत होतं ते मी केलं. अर्ज लिहिला. आपल्या घरात रेशनचा, लाइटचा, आईच्या दवाखान्याचा, हमाल मंडळाचा, प्रत्येक अर्ज सातवीपासून मीच लिहीत आले. माझ्या नावानं दिला असता तर बहिणीचं कोण ऐकतं? म्हणून आप्पांच्या नावानं लिहिला.

ते यार्डातून आले होते, हातपाय पिवळे, अजून धुतले नव्हते. मी कागद आणि पेन पुढे केलं. नेहमीसारखी बोटानं जागा दाखवली. त्यांनी विचारलं, "कशाचा हाय?" मी म्हटलं, हमाल मंडळाचा. त्यांनी सही केली. त्यांच्या बोटाचा पिवळा डाग कागदावर उठला. तो मी खोडरबरानं पुसायचा प्रयत्न केला.

आप्पांना सही येते, वाचता येत नाही. हे तुला माहीत आहे, मला माहीत होतं, आणि मी त्याचाच उपयोग केला.

तू गेल्यावर पहिले सहा महिने माझे फोन घेत होतास. मी दर वेळी काय म्हणायचे आठवतं? आप्पांना माफ कर. ते तुझ्या काळजीपोटीच वागले. म्हातारे झालेत, घरी ये. हेच शब्द. माफ कर त्यांना. शेवटी तू वैतागलास आणि माझेही फोन घेणं बंद केलंस. मी तेव्हा मैत्रिणींना सांगायचे की माझा भाऊ फार हट्टी आहे.

मग पदवी मिळाली. आप्पांनी यार्डात पेढे वाटले. मी इथं नोकरीला आले आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर ते वाक्य लिहिलं. ते ढोंग नव्हतं. बाईला वाचता आलं तर तिला कुणी फसवू शकणार नाही, हे मला आजही मनापासून पटतं. फसवणारे लोक मी बाहेर शोधत होते, इतकंच. सावकार, दलाल, सासरचे. कालपरवा दवाखान्यात इंदुमती जींना मी "बस यहाँ कर दीजिए" म्हटलं तेव्हा माझं बोट कागदावर ज्या तऱ्हेनं टेकलं होतं, ते मी ओळखलं.

चक्कर आल्यावर तुझी आठवण झाली म्हणून पत्र लिहिलं, हे खरं आहे. पण आणखी एक आहे. डॉक्टरांनी सोबत कोण आहे विचारलं तेव्हा उत्तर द्यायला माझ्याकडे कुणी नव्हतं. तुझ्याकडेही चाकणला कुणी नसेल. आप्पांकडे तर नाहीच. आपण तीन माणसं तीन ठिकाणी, आणि हे माझ्या एका मान हलवण्यानं झालंय.

तुझ्या तब्येतीबद्दल मी म्हणत होते ते बरोबर होतं, असं डॉक्टरांच्या बोलण्यावरून दिसतं. हे वाक्य मी आधी पत्राच्या सुरुवातीला लिहिलं होतं. आता इथं ठेवलंय. इथूनही काढायला हवं, पण ते खरं आहे म्हणून राहू देते.

मिताली


जयपूर, १६ फेब्रुवारी

दादा,

आज बायकांची परीक्षा. मी खोलीतच आहे. सकाळी इंदुमती जींचा फोन आला होता, शाळेच्या फाटकातून. घाबरल्या होत्या का, तर नाही. मला दटावत होत्या की आज तरी टोपलंभर विचार करू नका, झोपा.

मी झोपले नाही. आप्पांना फोन केला. रविवार, यार्ड बंद. सुरुवातीला त्यांना रिक्षाचं सांगितलं. ते एकदम म्हणाले, "आज सांगतीस?" आणि मग बराच वेळ बारीकसारीक विचारत राहिले. जेवतेस काय, पाणी कोण भरतं, ती बाई कोण, तिला काय दिलंस.

मग मी म्हटलं, आप्पा, मला तुम्हाला एक कागद वाचून दाखवायचाय. कागद समोर नव्हता, पण मला तो पाठ आहे. मी "माननीय सचिव" पासून सुरुवात केली आणि "आपला विश्वासू, मनोहर" पर्यंत सगळा वाचला. मध्ये थांबले नाही. थांबले असते तर पुढे गेले नसते.

ते म्हणाले, "ठावं हाय मला."

मला वाटलं, दादा, की त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले. ते म्हणाले, "ऐकलं की. त्यो रविवारी यार्डात येऊन बोलून गेला, तवा मला काय कळंना, कसला कागद. सांजच्याला सेक्रेटरीच्या घरी गेलो. म्हटलं, काय लिवलंय तेवढं वाचून दाखवा. त्यांनी दाखवलं."

त्याच दिवशी. दोन वर्षं त्यांना सगळं माहीत होतं. त्या संध्याकाळी ते घरी आले, मी भाकरी करत होते, ते जेवले आणि झोपले. एक शब्द नाही.

मी विचारलं, मला का बोलला नाहीत?

"बुधवारी तुझा पेपर हुता."

मी म्हटलं, पेपर संपल्यावर?

"मग रिझल्ट हुता. मग तुझी नोकरी." पुढे म्हणाले, "मग ऱ्हायलंच."

आणि दादाला? त्याला का नाही सांगितलंत की तुम्ही नाही लिहिलं?

ते म्हणाले, "त्याला सांगितलं असतं तर त्यो तुझ्याशी बी बोलला नसता. म्हटलं, एकीशी तरी बोलू दे."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. डोकं दुखेल म्हणून सांगितलंसुद्धा नाही, आणि ते दुखलंच.

शेवटी मी विचारलं की आता तुमचे अर्ज कोण लिहून देतं. शेजारचा आर्यन देतो, म्हणाले, दहावीला आहे, अक्षर बरं आहे. आणि मग अगदी साधेपणानं, जसं भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाले, की आता ते दोघांकडून वाचून घेतात. आर्यननं लिहिलं की त्याच्याकडून वाचून घ्यायचं, मग तोच कागद यार्डात नेऊन दिवाणजींकडून वाचून घ्यायचा. दोघांचं जुळलं तर सही. मला टोचायला म्हणाले नाहीत. मी विचारलं म्हणून सांगितलं. सत्तावीस वर्षं त्यांनी कुठल्याही कागदावर डोळे मिटून सही केली, कारण आधी आई होती, मग मी होते.

मग मी फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं.

तुला माफ कर म्हणायला हे पत्र नाही. तो शब्द मी आप्पांच्या नावावर वापरून टाकलाय, आता स्वतःसाठी मागायला तोंड नाही. तुझं मैदान गेलं ते माझ्या अर्जानं. तुझा बाप गेला तो माझ्या खोट्यानं. पहिलं मी परत देऊ शकत नाही. माझ्याशी तू यापुढे कधीच बोलला नाहीस तरी ते मी समजून घेईन. समजून घेईन हेही मोठेपणाचं वाटतं. राहीन तशी, एवढंच.

मात्र मी लिहिलंय एवढ्यावर विश्वास ठेवू नकोस. मी याआधीही कागदावर नीट अक्षरात, शुद्ध मराठीत, खोटं लिहिलेलं आहे. आप्पांना विचार. त्यांचा नंबर तोच आहे. दुपारी एक ते दोन यार्डातला वजनकाटा बंद असतो, तेव्हा ते हळदीच्या पोत्यांच्या थप्पीला टेकून बसलेले असतात आणि फोन पहिल्या रिंगला उचलतात.

मिताली